मध्य कोणाच्या वाट्याला?

जुन्या इंदुरातील मराठी घरांतून वाटणी हा विषय दिवाणखान्यात निघत नाही. तो माजघरात कुजबुजला जातो, ओसरीवर टाळला जातो आणि अखेरीस वकिलाच्या कचेरीत मोठ्याने बोलला जातो. होळकरांच्या लष्कराबरोबर, आणि पुढे त्यांच्या दप्तराबरोबर, जी कुटुंबे माळव्यात आली व येथेच रुजली, त्यांच्यापैकी अनेकांच्या पदरी एखादा वाडा, वाड्याचा एखादा भाग, निदान वाड्याच्या आठवणी तरी आहेत. ज्याच्याकडे वाडा आहे त्याच्यापुढे आज ना उद्या वाटणीचा प्रश्न उभा राहतोच. तो आमच्यापुढेही गेल्या वर्षी उभा राहिला, आणि त्या निमित्ताने जे विचार मनात आले ते वाचकांपुढे ठेवावेत म्हणून हा लेखनप्रपंच. प्रश्न दिसायला साधा आहे : समान वाटणी ही न्याय्य वाटणी असते काय? आणि त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे : वाटणी करताना मध्य कोणाच्या वाट्याला जावा?

प्रथम एक कबुली. वाटणी हा विषय आम्हांस नवा नव्हता. राज्य शासनाच्या नोकरीत असताना शेतजमिनीच्या वाटण्यांची कित्येक प्रकरणे आमच्या टेबलावरून गेली. मध्य प्रदेशात १९५९ च्या भू-राजस्व संहितेच्या कलम १७८ अन्वये खात्याची वाटणी तहसीलदाराकडे होते. पटवारी फर्द बटवारा तयार करून आणी, नकाशावर नवी रेघ पडे, एका खसरा क्रमांकाचे १२/१, १२/२ असे दोन क्रमांक होत, आणि दोन्ही क्षेत्रफळांची बेरीज मूळ क्षेत्रफळाशी जुळली की आमचे समाधान होई. एखादा म्हातारा शेतकरी हात जोडून म्हणे, ‘साहब, मेरे हिस्से में कुआँ नहीं आया.’ आम्ही विचारत असू, ‘रकबा पूरा आया कि नहीं?’ तो म्हणे, ‘आया.’ मग आम्ही सही करीत असू. ती सही बेकायदा नव्हती. परंतु त्या म्हाताऱ्याचे म्हणणे नेमके काय होते, हे आम्हांस निवृत्तीनंतर, आणि तेही संगणकाच्या पडद्यावर समजले.

आमचा वाडा जुन्या वस्तीतला. दर्शनी रुंदी ३६ फूट, खोली ८० फूट. मध्यभागी दिंडी दरवाजा, आत देवडी, देवडीतून चौक, चौकाच्या चारी बाजूंनी सोपे व खोल्या, आणि मागील अंगास विहीर. चौक १६ फूट रुंद आणि २० फूट लांब. आई गेल्यानंतर आम्ही तिघे भावंडे वारस उरलो : थोरले बंधू, ज्यांचा संसार याच वाड्यात झाला, आम्ही, जे नोकरीमुळे गावोगाव फिरून शेवटी शहराच्या नव्या वसाहतीत स्थिरावलो, आणि धाकटी बहीण, जी लग्न होऊन देवासला गेली. भांडण असे काही नव्हते. उलट आपल्या हयातीतच हे काम उरकावे, मुलांच्या गळ्यात कोर्टकचेरी नको, याच सद्हेतूने आम्ही कागद घेऊन बसलो.

कागदावर काम सोपे होते. ३६ फुटांचे तीन भाग, प्रत्येकी १२ फूट. दर्शनी बाजूपासून मागच्या विहिरीपर्यंत दोन सरळ रेघा, म्हणजे तीन पट्टे, प्रत्येकी ९६० चौरस फूट. जिन्याकडचा डावा पट्टा दादांना, उजवा आम्हांस, आणि मधला बहिणीस. मधला तिला का, याचे कारण कोणी उच्चारले नाही. ते सर्वांना ठाऊक होते : ती काही येथे राहायला येणार नव्हती. तिला दूरध्वनीवर विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘तुम्ही कराल ते खरे.’ हे वाक्य आपल्या बहिणी किती सहजपणे म्हणतात! आणि आपण ते किती सहजपणे संमती म्हणून स्वीकारतो!

दादांची धाकटी मुलगी वास्तुविशारद आहे. नगरपालिकेच्या जुन्या मोजणीवरून आणि स्वतः फितीने मापे घेऊन तिने वाड्याचे त्रिमितीय चित्र संगणकावर काढले. त्यासाठी तिने जी प्रणाली वापरली तिचे नाव स्केचअप. ही २००० साली निघाली, २००६ साली गूगलने घेतली आणि २०१२ पासून ट्रिम्बल या कंपनीकडे आहे. आजकाल सुतारकाम करणारी मुलेही कपाटाचे चित्र तिच्यात काढतात म्हणे. आम्ही शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि मुलीने ‘काका, असे बघा’ म्हणत एकेक गोष्ट दाखवली. आकृती काढण्याच्या त्या साध्या क्रियांत आम्हांस बरेच काही दिसले, म्हणून त्या थोडक्यात सांगतो.

वर्तुळ काढायचे असेल तर प्रथम मध्यबिंदू द्यावा लागतो. बोट दाबले तेथे मध्य, आणि मग परीघ बाहेर वाढत जातो. चौकोनाचे तसे नाही. नेहमीच्या रीतीने चौकोन एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ओढला जातो, त्याला मध्याची गरजच भासत नाही. मध्यापासून चौकोन काढायचा तर तशी वेगळी कळ दाबावी लागते. आणि आधीच काढलेल्या चौकोनाचा मध्य हवा असेल तर दोन कर्ण काढावे लागतात. ते एकमेकांस छेदतात तो मध्य. काम झाल्यावर हे कर्ण पुसून टाकतात, कारण चित्रात त्यांचे काही काम उरत नाही.

म्हणजे मध्य दोन प्रकारचे झाले. एक ठरवलेला आणि दुसरा शोधलेला. बौधायनाच्या शुल्बसूत्रात चौरस आखण्याची जी रीत आहे तिच्यात मध्यावर शंकू ठोकून दोरीने वर्तुळ काढतात आणि त्यावरून चौरस साधतात. तेथे मध्य ठरवलेला आहे. याचे मोठे उदाहरण तर आपल्या माळव्यातच आहे. भारतीय ज्योतिषांनी रेखांश मोजण्यासाठी जी मध्यरेखा मानली ती लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी. शतकानुशतके पंचांगाचे गणित उज्जैनला मध्य धरून झाले. १८८४ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेने ग्रिनिचची रेषा मूळ रेषा म्हणून स्वीकारली. सूर्य पूर्वीप्रमाणेच उगवत राहिला आणि क्षिप्रेचा घाटही जागचा हलला नाही. मध्य तेवढा हलला, कारण तो मुळात ठरवलेला होता. जो ठरवू शकतो तो आपल्या पायाखाली मध्य ठरवतो, हा जगाचा अनुभव आहे. कुटुंबातही कर्ता पुरुष जेथे बसतो तो घराचा मध्य, असे आपण पिढ्यान्पिढ्या मानीत आलो.

शोधलेल्या मध्याची जात निराळी. तो कोणाच्या इच्छेवर अवलंबून नसतो. चारी कोपऱ्यांना सारखेच महत्त्व देऊन कर्ण काढावे लागतात, तेव्हा तो सापडतो. एक कोपरा जरी वगळला तरी मध्य चुकतो. मुलीने वाड्याच्या चित्रावर कर्ण काढले तेव्हा ते चौकात, तुळशीवृंदावनापासून हातभर अंतरावर छेदले. ज्या कोणा पूर्वजाने हा वाडा बांधवून घेतला त्याने मध्यभागी काहीही बांधले नव्हते. तेथे त्याने आकाश ठेवले होते.

हे काही आमच्या पूर्वजाचे एकट्याचे शहाणपण नव्हे. सहाव्या शतकातील वराहमिहिर, जो आपल्या अवंतीशीच जोडलेला आहे, त्याच्या बृहत्संहितेत घराच्या भूमीचे ८१ किंवा ६४ पदांत विभाजन सांगितले आहे. ८१ पदांच्या रचनेत मधली नऊ पदे ब्रह्म्याची, ६४ पदांच्या रचनेत मधली चार. सुखाची इच्छा असलेल्या गृहस्थाने घराच्या मध्यभागी असलेल्या या ब्रह्म्यास उष्टेखरकटे इत्यादींच्या उपद्रवापासून जपावे, असेही तेथे म्हटले आहे. यातील श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने पाहावा. आम्हांस त्यात एक व्यवहाराची सूचना दिसते. बाकीची पदे निरनिराळ्या देवतांत वाटून झाली तरी मधली जागा त्या वाटणीत एका कोपऱ्याच्या मालकीची होत नाही. ती सर्वांच्या मधोमध राहते, आणि म्हणूनच ती जपण्याची जबाबदारी सर्वांवर येते.

आता भाग पाडण्याची क्रिया. स्केचअपमध्ये एखाद्या रेषेवर उजवी कळ दाबून ‘डिव्हाइड’ म्हटले आणि तीन हा आकडा दिला की रेषेचे तीन बिनचूक भाग पडतात. पृष्ठावर या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढली की एका पृष्ठाची दोन पृष्ठे होतात. आणि मौजेची गोष्ट अशी, की ती रेघ पुसली तर दोन पृष्ठे पुन्हा एक होतात, मागे व्रण राहत नाही. आम्ही ते तीन-चार वेळा करायला लावून पाहिले. असे प्रत्यक्षात कोठे होते?

आमच्या दोन रेघा पडल्यावर मुलीने त्यांच्या भिंती केल्या. रेघेला जाडी नसते, भिंतीला असते. विटेची भिंत नऊ इंचांची धरली. एक तृतीयांशाच्या खुणेवर भिंत बरोबर मध्यभागी बसवली तर तिचे साडेचार इंच एका बाजूस आणि साडेचार दुसऱ्या बाजूस जातात. कडेच्या दोन भागांना एकेकच भिंत लागते, मधल्याला दोन. तेव्हा कडेचे भाग प्रत्येकी ११ फूट साडेसात इंच उरले आणि मधला ११ फूट ३ इंच. खरोखर समान भाग हवे असतील तर आधी दोन्ही भिंतींची जाडी, म्हणजे १८ इंच, ३६ फुटांतून वजा करून उरलेल्याचे तीन भाग करावे लागतात. ते प्रत्येकी ११ फूट ६ इंच येतात, आणि भिंती खुणांवरून थोड्या सरकवाव्या लागतात. कपाटात कप्पे पाडणारा प्रत्येक सुतार हे जाणतो. पस्तीस वर्षांच्या नोकरीत आम्ही जाणले नव्हते.

पडद्यावरचे आकडे पाहून आम्ही हसून म्हणालो, ‘अग, साडेचार इंचांचे काय घेऊन बसलीस?’ बोलून गेलो आणि मनात चरकलो. कारण हेच साडेचार इंच आमच्या पट्ट्यातून जात असते तर आम्ही असे हसलो असतो काय? शेताच्या मेडेवरून दोन सख्खे भाऊ वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवताना आम्ही पाहिले होते, आणि त्यांना क्षुद्र म्हणून मनातल्या मनात हिणवलेही होते. वाटणीचा जो खर्च असतो तो भिंतीच्या जाडीत असतो. तो कोणाच्या बाजूने सोसला जातो हे रेघ सांगत नाही. ज्याच्या दोन्ही बाजूंना इतर आहेत त्यालाच तो दुप्पट सोसावा लागतो, आणि तो बहुधा असा असतो की ‘तुम्ही कराल ते खरे’ म्हणून मोकळा होतो.

तथापि इंचांची गोष्ट पुढे फारच किरकोळ ठरली. मुलीने सपाट नकाशावरील भिंती वर ओढल्या, तळमजला उभा केला, त्यावर माडी चढवली आणि छप्पर घातले. मग डावा पट्टा एका रंगात, उजवा दुसऱ्या, मधला तिसऱ्या रंगात दाखवून चित्र सावकाश फिरवले. डाव्या पट्ट्यात जिना, स्वयंपाकघर, खोल्या आणि माडी होती. उजव्यातही तशाच खोल्या. मधल्या पट्ट्यात समोर दिंडी दरवाजा आणि देवडी, मग वीस फूट मोकळे आकाश, मागे विहिरीकडे जाणारी वाट आणि विहीर. चौकाच्या मागची एक अंधारी कोठी आणि देवडीवरचा एक माळा एवढीच छपराखालची जागा. त्या खोल्यांना जिनाही नव्हता, कारण तो दादांच्या भागात गेला होता.

मुलीने विचारले, ‘काका, आत्या झोपणार कुठे?’

९६० चौरस फूट तिच्या वाट्याला पूर्ण आले होते. रकबा पूर्ण होता. आम्हांस तो विहीर न मिळालेला म्हातारा आठवला. येथे तर उलट होते, बहिणीला विहीर मिळाली होती आणि घर मिळाले नव्हते. पण चूक एकच होती. सपाट कागदावर जे समान होते ते उभे केल्यावर समान राहिले नाही, आणि माणसे उभ्या घरात राहतात.

येथे कायद्याचे काय, असे कोणी विचारील. कायद्याने आपले काम, उशिरा का होईना, केले आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात कलम २३ असे होते, की कुटुंब राहते त्या घराची वाटणी मागण्याचा हक्क स्त्री वारसास पुरुष वारसांनी वाटणी करायचे ठरवीपर्यंत मिळत नसे. मुलीला त्या घरात राहण्याचा हक्क होता, पण तोही ती अविवाहित, विधवा, परित्यक्ता किंवा पतीपासून विभक्त असेल तरच. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ते कलम गेले आणि मुलगी जन्मतःच मुलाप्रमाणे सहदायाद झाली. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. परंतु कायदा हिश्शाचे प्रमाण सांगतो. एक तृतीयांश म्हणजे कोणता तृतीयांश, त्यात उजेड येतो की नाही, त्यात झोपायला जागा आहे की नाही, हे तो वाटणाऱ्यांच्या सचोटीवर सोडतो. आमची सचोटी तीन सरळ पट्ट्यांपाशी थांबली होती.

बाराशे वर्षांपूर्वीच्या नव्हे, पण नऊशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथाकडे येथे वळावेसे वाटते. कल्याणीच्या चालुक्य दरबारातील विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, आणि बंगालचा दायभाग सोडला तर देशाच्या बहुतेक भागांत हिंदू वारसाहक्काचा पाया तीच ठरली. त्या परंपरेत काही वस्तू अविभाज्य मानल्या आहेत. अंगावरची वस्त्रे, नेहमी घातलेले अलंकार, वाहन, शिजवलेले अन्न, विहिरीचे पाणी आणि जाण्यायेण्याची वाट. त्या यादीत स्त्रियांचाही, म्हणजे दासींचा, उल्लेख येतो. तो त्या काळाचा कलंक आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. परंतु पाणी आणि वाट यांविषयी त्या शास्त्रकारांना जे कळले ते आमच्या नकाशाला कळले नाही. विहिरीचे तीन तुकडे केले तर कोणाचीच तहान भागत नाही. वाटेचे तीन पट्टे केले तर ती वाट राहत नाही. अशा वस्तूंचा उपयोगच त्या अखंड असण्यात असतो.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा लेखही एकांगी वाटणीसारखाच होईल. पडद्यावरील ते चित्र पाहून दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘यात सगळे आहे. पण गळके छप्पर कोणी शाकारले, ते यात कुठे आहे?’ त्यांचे म्हणणे खरे होते. चाळीस वर्षे घरपट्टी त्यांनी भरली. प्रत्येक पावसाळ्याआधी कौले त्यांनी चाळवली. वडिलांचे शेवटचे आजारपण आणि आईची अखेरची सहा वर्षे त्यांनी आणि वहिनींनी काढली. आम्ही त्या काळात दूरच्या जिल्ह्यांतून मनीऑर्डर पाठवत होतो आणि सणाला येऊन पुरणपोळी खाऊन जात होतो. लांबी, रुंदी आणि उंची या तीन मिती झाल्या. दादा ज्याविषयी बोलत होते ती चौथी होती, आणि ती दाखवणारी कळ त्या प्रणालीत नव्हती.

जुन्या स्मृतींना ही अडचण ठाऊक होती. मनुस्मृतीत थोरल्यास एकूण धनाचा विसावा भाग अधिक देण्याची तरतूद आढळते, मधल्यास त्याच्या निम्मा आणि धाकट्यास चौथाई. विज्ञानेश्वर मात्र म्हणतो, की विषम वाटणी शास्त्रात सांगितलेली असली तरी ती लोकांना अप्रिय झाली आहे, म्हणून ती आचरू नये. आम्हांस हे वचन फार महत्त्वाचे वाटते. शास्त्राच्या आधारावर जगणाऱ्या त्या पंडिताने लोकांच्या न्यायबुद्धीपुढे शास्त्र बाजूस ठेवले. पण त्याबरोबर हेही खरे, की थोरलेपणाचा अंश गेला तरी केलेल्या सेवेचे ऋण जात नाही. ते वाटणीच्या कागदात लिहिता येत नाही, म्हणून ते नव्हतेच असे समजणे हा समानतेच्या नावाखाली केलेला अन्याय होय.

यातून सुटण्याचा एक मार्ग शहरात सर्वत्र दिसतो. वाडा विकावा, पैसे वाटून घ्यावेत. १८९३ च्या वाटणी कायद्यातही, मालमत्तेचे वाजवी रीतीने भाग पडत नसतील तर निम्म्या किंवा अधिक हिश्शाच्या धन्यांच्या विनंतीवरून ती विकून रक्कम वाटण्याची सोय आहे. पैशाला भिंत लागत नाही, त्याचे कितीही बिनचूक भाग होतात आणि मध्य कोणाच्या वाट्याला हा प्रश्नच उरत नाही, कारण पैशाला मध्य नसतो. ज्यांनी हा मार्ग घेतला त्यांना आम्ही दोष देत नाही. अनेकदा तोच शहाणपणाचा असतो. आम्हां तिघांना तो नको होता एवढेच.

या विवंचनेत असताना आम्हांस पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश गृहस्थाची आठवण झाली. मूळचा जीवशास्त्रज्ञ असलेल्या या नगररचनाकाराने १९१८ साली इंदूर दरबारास शहराच्या विकासाचा दोन खंडांचा अहवाल सादर केला. जुन्या वस्तीवर पट्टी ठेवून रुंद सरळ रस्ते कापण्याची त्या काळच्या अभियंत्यांची पद्धत त्याला मान्य नव्हती. तो आधी गल्लीबोळांतून पायी फिरे, कोणते घर खरोखर पडायला आले आहे, कोठे मोकळी जागा आहे, लोक कोठे बसतात, पाणी कोठून भरतात हे पाही, आणि मग कमीत कमी पाडापाड करून वस्तीला मोकळा श्वास मिळेल असे उपाय सुचवी. शरीर राखून करावयाची शस्त्रक्रिया, असे त्याचे सूत्र होते. आम्ही आपल्याच वाड्यावर पट्टी ठेवून बसलो होतो. त्यात पायी फिरलो नव्हतो.

म्हणून दिवाळीत बहिणीला बोलावून घेतले. तिला पडद्यावर ते चित्र दाखवले. तिने निरखून पाहिले, आणि जी गोष्ट आम्हां कोणाच्याच ध्यानात आली नव्हती ती तिच्या आली. ‘म्हणजे दिंडी दरवाजा माझ्या वाट्याला का?’ ती म्हणाली. ‘मग तुम्हां दोघांना माझ्या दारातूनच घरात यावे लागेल.’ ती मनमोकळी हसली, दादाही हसले, आणि कित्येक आठवड्यांत त्या घरात असे हसू झाले नव्हते. मग आम्ही तिला जो प्रश्न आधीच विचारायला हवा होता तो विचारला : तुला काय हवे? ती लगेच बोलली नाही. चौकाच्या कडेच्या सोप्यावर बसून म्हणाली, ‘मला एक खोली हवी, जिचे दार चौकात उघडते. आणि कुलपाची किल्ली माझ्याजवळ हवी. येईन कधी, नाही येईन कधी. पण आले तर कोणाला विचारून यायला नको.’

तिच्या या मागणीत क्षेत्रफळाचा आकडा नव्हता. पण त्या एका वाक्याने सगळा नकाशा बदलला. त्यानंतर आम्ही तिघे आणि मुलगी वाडाभर फिरलो. प्रत्येक खोलीत उभे राहिलो. प्रथम जे वाटायचे नाही ते ठरवले : दिंडी दरवाजा, देवडी, चौक, जिना, विहीर आणि तिच्याकडे जाणारी वाट. मग उरलेल्या खोल्यांचे, उजेड, वारा, कोरडेपणा यांचा विचार करून तीन गट पाडले. आपल्याकडे जुनी रीत आहे, की थोरल्याने वाटे करावेत आणि धाकट्याने आधी उचलावे. जो भाग पाडतो तो शेवटी घेतो, म्हणून त्याचा हात सरळ चालतो. विसाव्या शतकात ह्यूगो स्टाइनहाउस प्रभृती पोलिश गणितज्ञांनी न्याय्य विभाजनाचा जो अभ्यास सुरू केला त्याच्या मुळाशीही ‘एकाने कापावे, दुसऱ्याने निवडावे’ हीच रीत आहे. गट दादांनी पाडले, प्रथम बहिणीने उचलला, मग आम्ही. सर्वांत शेवटी उरला तो दादांचा, आणि तो नेमका ते राहत होते त्या खोल्यांचा होता. बहिणीने तो जाणूनबुजून सोडला होता. आम्हीही.

सर्व काही सुटले असे मात्र नाही. कौलांचा आणि आजारपणाचा हिशेब झाला नाही. आम्ही रक्कम पुढे केली, दादांनी घेतली नाही, आणि ‘राहू दे’ म्हणाले त्या स्वरात समाधान किती आणि दुखावलेपण किती हे आम्हांस आजही सांगता येणार नाही. सामाईक चौक उद्या आमच्या मुलांना भांडणाचे कारण वाटणार नाही याचीही खात्री कोण देणार? जे सर्वांचे असते ते झाडायचे कोणी, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो. भिंत घातली असती तर तो कायमचा मिटला असता. पण मग चौकही मिटला असता.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर असे. समान वाटणी ही न्यायाची पहिली पायरी आहे आणि ती गाळून पुढे जाता येत नाही. बहिणीला ‘हवे तेवढे देऊ’ म्हणून तिचा तृतीयांश टाळणे हा न्याय नव्हे. परंतु त्या पायरीवर थांबणे हाही न्याय नव्हे. रेघेला भिंतीची जाडी द्यावी, सपाट आकड्याला उभे करून पाहावे, ज्याने ते घर राखले त्याची वर्षे आठवावीत, आणि या सर्वांआधी चारी कोपऱ्यांतून कर्ण काढून मध्य शोधावा. तो सापडला की त्याला वाटणीतून वगळावे.

वाटणीपत्र नोंदवण्यास गेलो तेव्हा तेथील लेखनिकाने परिशिष्ट वाचता वाचता मान वर केली. तीन रंगांचे तीन भाग त्याला समजले, मधला पांढरा ठेवलेला चौकोन समजला नाही. ‘यह बीच का हिस्सा किसके नाम है?’ त्याने विचारले. बहीण आमच्या आधी बोलली, ‘तीनों के.’ त्याने तसे लिहून घेतले आणि पुढचे पान उलटले.